‘द ईव्हिल डेड’च्या कॅसेटी आणि तबकड्या: एकच भयपट इतक्या रूपांत का दिसतो

एखादा जुना भयपट आधी व्हिडिओ कॅसेटवर आणि बऱ्याच वर्षांनी तबकडीवर (डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर) पाहिला आणि दोन्ही वेळा तो वेगळा वाटला, तर दोष आपल्या स्मरणशक्तीचाच असेल असे नाही. बहुतेक वेळा चित्रपट खरोखरच वेगळा असतो. त्याची लांबी बदललेली असते, चौकटीचा आकार बदललेला असतो, आवाजाची पट्टी बदललेली असते, आणि अंधारात जे दिसायला हवे ते कधी दिसते तर कधी दिसत नाही. मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटांतही असे घडते. पण थोड्या पैशांत काढलेल्या, मंत्रतंत्र आणि पिशाचबाधा यांवर उभ्या असलेल्या भयपटांच्या बाबतीत हे फरक वरवरचे राहत नाहीत, ते थेट चित्रपटाच्या गाभ्याला हात घालतात. असे का होते, हे समजून घेण्यासाठी दिग्दर्शक सॅम रेमी यांच्या १९८१ च्या ‘द ईव्हिल डेड’इतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

चित्रपटाची गोष्ट चार ओळींत सांगता येते. पाच तरुण मित्रमैत्रिणी रानातल्या एका पडक्या लाकडी घरात सुट्टीसाठी येतात. तळघरात त्यांना माणसाच्या कातडीत बांधलेला आणि रक्ताने लिहिलेला एक प्राचीन ग्रंथ सापडतो, आणि त्याच्याबरोबर एका प्राध्यापकाने आपला आवाज भरून ठेवलेला टेप रेकॉर्डर. ती टेप लावली जाते, तिच्यातून ग्रंथातले मंत्र घुमतात, रानातली निद्रिस्त शक्ती जागी होते आणि एकेकाला झपाटू लागते. पुढे जे घडते ते याच घरात, याच रात्रीच्या अंधारात घडते.

निषिद्ध ग्रंथ, मंत्र आणि अदृश्य शक्ती हा विषय कमी पैशांच्या चित्रपटाला का मानवतो, हे इथे लगेच कळते. राक्षस दाखवायचा तर तो बनवावा लागतो. वाऱ्यासारखी वावरणारी शक्ती दाखवायची तर ती ‘आहे’ एवढे प्रेक्षकाला पटवावे लागते. रेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कॅमेऱ्याच्या चालीतून पटवले. एका लांब फळीच्या मधोमध कॅमेरा बसवून दोन माणसे ती फळी दोन्ही टोकांना धरून झाडाझुडपांतून धावत. जमिनीलगत सुसाटत येणारी ती नजर म्हणजेच चित्रपटातले पिशाच. त्याला ना चेहरा लागला, ना पोशाख. लागले ते फक्त अंधार, धुके आणि आवाज. या लेखाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. अशा चित्रपटाची खरी पुंजी अंधार आणि आवाज हीच असते, आणि चित्रपट पडद्यावरून घरात येताना सर्वांत आधी नासतात ते अंधार आणि आवाजच.

पावणेचार लाख डॉलर आणि १६ मिलिमीटरची फिल्म

चित्रीकरण सुरू झाले तेव्हा रेमी २० वर्षांचे होते. त्यांनी, निर्माते रॉबर्ट टॅपर्ट यांनी आणि नट ब्रूस कॅम्पबेल यांनी १९७८ मध्ये सुमारे १,६०० डॉलर खर्चून ‘विदिन द वुड्स’ नावाचा अर्ध्या तासाचा लघुपट सुपर ८ या हौशी फिल्मवर काढला होता. तो दाखवून त्यांनी मिशिगन राज्यातल्या ओळखीच्या लोकांकडून, त्यांत दंतवैद्यही होते, थोडे थोडे पैसे जमवले. पूर्ण चित्रपटाचा खर्च साधारण पावणेचार लाख डॉलरांवर गेला. १९७९ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत, टेनेसी राज्यातल्या मॉरिसटाऊनजवळच्या एका ओसाड घरात, कडाक्याच्या थंडीत हे काम चालले. झपाटलेल्या पात्रांच्या डोळ्यांवर बसवलेली जाड पांढरी भिंगे एका वेळी फार थोडा वेळच सहन होत. शेवटी देह विरघळतात ती दृश्ये टॉम सलिव्हन आणि बार्ट पियर्स यांनी मातीच्या आकृत्या कणाकणाने हलवून, एकेक चौकट टिपत, महिनोन्‌महिने खपून तयार केली.

त्या वेळी चित्रपटगृहात ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म चाले. रेमींनी मात्र पैसे वाचवण्यासाठी १६ मिलिमीटरची फिल्म वापरली. ३५ मिलिमीटरच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ १६ मिलिमीटरच्या चौकटीच्या चौपटीहून जास्त असते, म्हणजे त्याच पडद्यासाठी रेमींची चौकट कितीतरी अधिक मोठी करून दाखवावी लागणार होती. फिल्मवरचे चित्र प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या बारीक कणांतून घडते. चौकट जितकी लहान, तितके हे कण मोठे केल्यावर ठळक दिसतात. चित्रपटगृहात लावण्यासाठी हे १६ मिलिमीटरचे चित्र प्रयोगशाळेत ३५ मिलिमीटर फिल्मवर मोठे करून उतरवले गेले. त्यामुळे ‘द ईव्हिल डेड’ची मूळ प्रकृतीच रवाळ आणि किंचित खरखरीत आहे. तो खरखरीतपणा म्हणजे झीज नव्हे, ती त्या फिल्मची कांती आहे. पुढे तबकड्यांचा विषय निघेल तेव्हा हा भेद फार उपयोगी पडेल.

चित्रपटाचा पहिला खेळ १५ ऑक्टोबर १९८१ रोजी डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरमध्ये झाला, आणि तेव्हा त्याचे नाव ‘बुक ऑफ द डेड’ असे होते. नाव बदलण्याचा सल्ला विक्रीचे काम पाहणारे अनुभवी वितरक अर्विन शपिरो यांनी दिला. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या काळात तिथे झालेल्या खेळाला लेखक स्टीफन किंग हजर होते, आणि त्यांनी छापून केलेल्या स्तुतीमुळे दारे उघडली. अमेरिकेत १९८३ मध्ये न्यू लाइन सिनेमाने तो प्रदर्शित केला.

दुकानाच्या फळीवर

इथून गोष्ट कॅसेटकडे वळते. घरगुती व्हिडिओ कॅसेटची व्हीएचएस ही पद्धत जपानात १९७६ मध्ये आणि अमेरिकेत १९७७ मध्ये आली. मोठे स्टुडिओ सुरुवातीला घरगुती व्हिडिओ यंत्रांकडे संशयाने पाहत होते; घरी चित्रण करून ठेवण्याच्या हक्कावरून युनिव्हर्सल आणि डिस्नी यांनी अशी यंत्रे बनवणाऱ्या सोनीविरुद्ध लढवलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ मध्ये सोनीच्या बाजूने सुटला. दरम्यान कॅसेट भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली होती आणि त्यांच्या फळ्या भरायला चित्रपट हवे होते. मोठ्यांनी आखडता हात घेतला, तिथे लहान वितरक भयपट घेऊन शिरले. ज्या चित्रपटाला चांगले चित्रपटगृह कधीच मिळाले नसते, तो केवळ वेष्टनावरच्या चित्राच्या जोरावर लाखमोलाच्या चित्रपटाशेजारी उभा राहू लागला.

ब्रिटनमध्ये हा चित्रपट पॅलेस पिक्चर्स या नव्या कंपनीने घेतला. कंपनीचे चालक स्टीफन वूली आणि निक पॉवेल यांनी तेव्हा धाडसाचा वाटणारा निर्णय केला: १९८३ च्या आरंभी चित्रपट एकाच वेळी चित्रपटगृहांत आणि कॅसेटवर आणायचा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली कॅसेट याच चित्रपटाची ठरली.

पुढचा घोटाळा नीट समजून घेण्यासारखा आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये चित्रपटगृहात दाखवायच्या चित्रपटाला ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म सेन्सॉर्स या संस्थेचे प्रमाणपत्र लागे. कॅसेटला मात्र कायद्याने कुठलेच प्रमाणपत्र लागत नव्हते. ‘द ईव्हिल डेड’ मंडळापुढे गेला तेव्हा त्याला प्रौढांसाठीचे ‘एक्स’ प्रमाणपत्र ४९ सेकंद कापून मिळाले. कुऱ्हाडीचे काही घाव कमी झाले, घोट्यात खुपसलेली पेन्सिल फिरवण्याचा क्षण आखूड झाला. पॅलेसने कॅसेटवर आणली तीही हीच कापलेली प्रत. म्हणजे कायद्याने मागितले नसतानाही सेन्सॉरची कात्री लागलेले रूपच दुकानात गेले होते.

तरीही पोलीस दुकानांवर गेले आणि कॅसेटी जप्त झाल्या. अश्लील प्रकाशनांविषयीचा १९५९ चा कायदा त्यासाठी वापरला गेला. पाहणाऱ्याला भ्रष्ट आणि नीतिभ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्या वस्तूत आहे का, ही त्या कायद्याची कसोटी होती, आणि ती दर खटल्यात नव्याने लावली जाई. परिणामी एका गावात जो भयपट निर्दोष ठरे त्याच्यापायी दुसऱ्या गावातल्या दुकानदाराला शिक्षा होई. वृत्तपत्रांनी अशा कॅसेटींना ‘व्हिडिओ नॅस्टी’ हे नाव चिकटवले, आणि पडद्यावरच्या अनीतीविरुद्ध चळवळ चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाऊस यांच्या मोहिमेने ‘द ईव्हिल डेड’ला त्या सगळ्यांच्या अग्रभागी बसवले. सरकारी अभियोग संचालकांच्या कार्यालयाने खटल्यायोग्य चित्रपटांची यादी काढली. वेळोवेळी तिच्यात मिळून ७२ नावे येऊन गेली आणि त्यांतल्या ३९ चित्रपटांवरचे खटले यशस्वी झाले. ‘द ईव्हिल डेड’ त्या ३९ मध्ये नव्हता. पॅलेस पिक्चर्स १९८४ मध्ये लंडनच्या स्नेअर्सब्रूक न्यायालयात निर्दोष सुटली.

मात्र त्याच वर्षी संसदेने व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट मंजूर केला आणि कॅसेटलाही प्रमाणपत्र सक्तीचे झाले. घरात मूल पाहू शकते, दृश्य थांबवता येते, मागे नेऊन पुन्हा पाहता येते, या कारणांनी घरगुती प्रतीची कसोटी चित्रपटगृहापेक्षा कडक ठेवली गेली. १९९० मध्ये कॅसेटला प्रमाणपत्र मिळाले ते आणखी १ मिनिट ६ सेकंद कापून, म्हणजे दोन्ही कात्र्या मिळून १ मिनिट ५५ सेकंद गेले. अखंड चित्रपट ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी मंजूर झाला तो २००१ मध्ये, पहिल्या खेळानंतर २० वर्षांनी. जर्मनीतली जप्ती तर त्याहून लांबली. तिथली बंदी २०१६ मध्ये उठली.

दोन मिनिटांहून कमी लांबीने काय बिघडते, असे कोणी विचारेल. माझे मत असे की अशा चित्रपटात बरेच बिघडते. हा चित्रपट अतिरेकावर उभा आहे. घाव नको तितका वेळ पडत राहतो, आणि भीती हळूहळू असह्यतेकडे आणि तिथून एका वेड्या हसण्याकडे कलते. घाव कमी केले की उरते ते नुसते क्रौर्य. ज्या मंडळाने प्रेक्षकाला सौम्य चित्रपट द्यावा म्हणून कात्री चालवली, त्याने नकळत त्यातला विनोदच कमी केला.

कॅसेट जे गिळते

कायद्याची कात्री लोकांना दिसते. तंत्राची कात्री सहसा दिसत नाही. व्हीएचएसवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील मावतो. काळोखातले मंद करडे छटाभेद तिथे एकमेकांत मिसळून जातात आणि रंग कडेने पाझरतात. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की तेवढेही उरत नाही, आणि बंदीच्या काळात कापलेल्या चित्रपटाच्या अखंड प्रती अशाच हातोहात, उतरवून उतरवून फिरल्या. कित्येकांच्या आठवणीत हा चित्रपट गढूळ आणि जवळपास काळा आहे तो त्यामुळे.

आवाजाचेही तसेच. चित्रपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी असतो. ब्रिटनसह युरोपच्या मोठ्या भागात टीव्हीची जी पॅल पद्धत होती ती सेकंदाला २५ चौकटींची, म्हणून तिथे चित्रपट सरळ ४ टक्के वेगाने पळवला जाई. ८५ मिनिटांचा चित्रपट त्यामुळे ८२ मिनिटांच्या आत संपतो, आणि दुरुस्ती केली नाही तर आवाज अर्धस्वराहून किंचित कमी इतका वर चढतो. ज्या चित्रपटात टेपवरच्या एका जड पुरुषी आवाजातल्या मंत्रांनी सारे अरिष्ट ओढवते, तिथे तो आवाज चढा आणि घाईचा होणे ही मोठी हानी आहे. याचा आणखी एक व्यावहारिक उपयोग असा की जुन्या युरोपीय प्रतीवर लांबी कमी छापलेली दिसली म्हणून तिच्यात कापाकापी झालीच आहे असे धरू नये. आधी ४ टक्क्यांचा हिशेब करून पाहावा.

मूळ फिल्मपासून तबकडीपर्यंत

आता तबकडी कशी बनते ते पाहू. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म म्हणजे मूळ निगेटिव्ह. ती वारंवार हाताळणे धोक्याचे असल्याने तिच्यावरून एक पॉझिटिव्ह प्रत, तिच्यावरून पुन्हा निगेटिव्ह, आणि तिच्यावरून चित्रपटगृहाच्या प्रिंट काढल्या जातात. प्रत्येक पायरीवर तपशील थोडा हरवतो, काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे होते. घरगुती प्रत कुठल्या पायरीवरून उचलली, यावर निम्मे भवितव्य ठरते. जुन्या कॅसेटी बहुधा हाती लागलेल्या प्रिंटवरून निघत, आणि त्या काळच्या रंगीत प्रिंटचे रंग उडून त्या लालसर पडण्याचा मोठा रोग होता. आता शक्य असेल तिथे मूळ निगेटिव्हची प्रत्येक चौकट स्कॅन करून संगणकात घेतात. मग धूळ आणि ओरखडे पुसणे, चौकटींची थरथर थांबवणे आणि दृश्यादृश्याचे रंग ठरवणे ही कामे होतात.

चौकटीचा प्रश्न या चित्रपटात विशेष गाजला. १६ मिलिमीटरची चौकट जवळपास चौकोनी असते, रुंदी उंचीच्या साधारण १.३३ पट. चित्रपटगृहात मात्र १.८५ पट रुंद चित्र दाखवण्याची रीत होती, त्यासाठी वरचा आणि खालचा पट्टा झाकला जाई. ही झाकाझाक उंचीचा पाव हिश्शाहून थोडा जास्त भाग खाते. जुन्या टीव्हीचा पडदा चौकोनी असल्याने कॅसेटवर पूर्ण उंची मिळे. टीव्ही रुंद झाले तसे झाकलेले रूपही तबकडीवर आले. मी दोन्ही रूपे एकापाठोपाठ थांबवून पाहिली आहेत. तळघराचे साखळीने बांधलेले झाकण जमिनीत आहे, घराचे छत ठेंगणे आहे, आणि उंच चौकटीत माणूस या दोहोंच्या मध्ये चेपल्यासारखा दिसतो. रुंद चौकटीत चेहरा जवळ येतो, पण डोक्यावरच्या छताचा दाब जातो. माझा कौल उंच चौकटीला आहे. तरी चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाने रुंद चित्रच पाहिले असणार, हाही युक्तिवाद खोटा नाही. अँकर बे या कंपनीने २०१० मध्ये काढलेल्या ब्लू-रेमध्ये दोन्ही चौकटी दिल्या, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

कणांचा प्रश्न याहून नाजूक. डीव्हीडीवर एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ किंवा ४८० बिंदू असतात, ब्लू-रेवर १,९२० गुणिले १,०८० आणि २०१६ पासून आलेल्या अल्ट्रा एचडी तबकडीवर ३,८४० गुणिले २,१६०. बिंदू वाढले की फिल्मचे कण स्पष्ट दिसू लागतात, आणि ज्याला ते दोष वाटतात तो संगणकाला ते पुसायला सांगतो. पण कण आणि तपशील वेगवेगळ्या थरांत नसतात. चित्र घडलेलेच कणांतून असते. कण पुसले की त्यांच्याबरोबर त्वचेची छिद्रे, लाकडाच्या रेषा, चेहऱ्यावर चोपडलेल्या थराची खरबरीत पोत हेही जाते आणि माणसे मेणाची दिसतात. झपाटलेल्या चेहऱ्यावरचा हाताने केलेला मुखवटा भीतिदायक वाटतो तो त्याच्या ओबडधोबड पोतामुळे. गुळगुळीत केल्यावर तो नुसता रबरी दिसतो.

यात एक तांत्रिक अडचणही आहे. तबकडीवर चित्र दाबून भरावे लागते, आणि दाबण्याची युक्ती अशी की एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जे बदलत नाही ते पुन्हा साठवायचे नाही. कण प्रत्येक चौकटीत बदलतात. धुकेही सतत सरकत असते. म्हणून धुके, अंधार आणि कण एकत्र आले की ही युक्ती दमते आणि काळ्या भागात चौकोनी ठिगळे किंवा पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. रानातल्या धुक्यातून ती अदृश्य नजर धावत येते, त्या दृश्यात हे तिन्ही एकत्र आहेत. म्हणूनच नवी तबकडी हाती आली की मी आधी ते दृश्य लावतो. तिथे धुके धुक्यासारखे राहिले असेल तर बाकीच्या कामावर बहुधा विश्वास ठेवता येतो.

जास्त बिंदूंबरोबर जास्त उजेडाचा मोहही येतो. नव्या तंत्रात काळोखातल्या गोष्टी उजळून दाखवता येतात, आणि कमी पैशांच्या चित्रपटात काळोखानेच कितीतरी गोष्टी झाकलेल्या असतात: भिंतीची अपुरी रंगरंगोटी, मुखवट्याची कड, एखादी नळी. ते दिसू लागले की दोन वाटा उरतात. एक तर दृश्य मूळ प्रिंटइतके काळे ठेवायचे, नाहीतर दिसलेली वस्तू संगणकावर पुसायची. पहिली वाट जुन्या कारागिरांच्या हिशेबाचा मान राखते. दुसऱ्या वाटेने गेले की चित्रपट १९८१ चा राहत नाही, त्याच्यावर आजच्या हाताची भर पडते.

आवाजाच्या नव्या मिश्रणांनाही हेच लागू आहे. मूळ चित्रपटाचा आवाज एका वाहिनीचा होता, सारे काही समोरून येणारे. नंतर तो पाच-सहा ध्वनिवर्धकांत पसरवला गेला, जेणेकरून रानातली कुजबुज प्रेक्षकाच्या पाठीमागून यावी. हे ऐकायला थरारक आहे, पण असे मिश्रण करताना काही आवाज नव्याने घातले जातात आणि जुन्या आवाजांचे वजन बदलते. नवे मिश्रण जरूर द्यावे. मूळ एकवाहिनी आवाज तबकडीवरून गाळणे मात्र मला अक्षम्य वाटते, कारण त्याला जागा अगदी थोडी लागते.

निगेटिव्हच नसेल तर

वर सांगितलेले सारे मूळ फिल्म शाबूत असल्यावरचे. ती नसेल तर काय होते, याचे उदाहरण ‘द विकर मॅन’ या १९७३ च्या ब्रिटिश चित्रपटाचे. रॉबिन हार्डी यांचा, अँथनी शॅफर यांनी लिहिलेला, एका स्कॉटिश बेटावरच्या प्राचीन पूजाविधींभोवती फिरणारा हा चित्रपट. त्यात ख्रिस्तोफर ली यांनी मानधन न घेता काम केले. वितरकाने तो कापून ८८ मिनिटांचा केला आणि दुसऱ्या चित्रपटाला जोड म्हणून दाखवला. कापलेल्या भागाची निगेटिव्ह हरवली. ती एम३ महामार्गाच्या भरावात गाडली गेली अशी दंतकथा आजही सांगितली जाते. मात्र लांब रूपाची एक प्रत अमेरिकेत चित्रपट निर्माते आणि वितरक रॉजर कॉर्मन यांच्याकडे गेली होती. २००१ च्या तबकडीत ९९ मिनिटांचे रूप जुळवले गेले तेव्हा हरवलेली दृश्ये त्या प्रतीवरून पूर्वी उतरवलेल्या व्हिडिओ टेपमधून घ्यावी लागली. त्यामुळे पाहताना चित्र अचानक मऊ आणि धुरकट होते, आणि नेमके कुठे शिवण आहे ते उघड्या डोळ्यांना कळते. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहात ३५ मिलिमीटरची एक प्रिंट सापडली आणि २०१३ मध्ये तिच्या आधारे आणखी एक रूप तयार झाले. ती शिवण मला खुपत नाही. हरवलेले काय होते आणि परत मिळालेले काय, हे ती लपवत नाही.

हक्कांचा गुंता हा स्वतंत्र विषय आहे, पण एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या जुन्या कायद्यात चित्रपटावर स्वामित्वाची सूचना छापलेली नसेल तर हक्कच जात. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या भयपटाचे नाव १९६८ मध्ये वितरकाने बदलले, नव्या नामपट्टीवर ती सूचना घालायची राहून गेली, आणि चित्रपट सर्वांचा झाला. मग ज्याच्या हाती जी झिजलेली प्रिंट आली त्याने तिची कॅसेट काढली. मूळ निगेटिव्हवरून केलेले त्याचे पुनरुज्जीवन २०१६ मध्ये दाखवले गेले, तेव्हा लोकांना कळले की आपण वर्षानुवर्षे किती वाईट प्रती पाहत होतो.

तबकडी घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचावी. ‘नवे स्कॅन’ एवढेच लिहिलेले पुरेसे नसते. ते निगेटिव्हवरून आहे की प्रिंटवरून, ते पाहावे. चौकटीचे प्रमाण, मिनिटे, मूळ आवाजाची वाहिनी दिली आहे का, आणि रंगांचे काम दिग्दर्शक किंवा छायालेखकाच्या नजरेखाली झाले का, एवढे कळले की आतले चित्र कसे असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

२००२ मध्ये ‘द ईव्हिल डेड’ची एक मर्यादित आवृत्ती निघाली, तिचे वेष्टन म्हणजेच तो शापित ग्रंथ होता. मूळ ग्रंथ घडवणाऱ्या टॉम सलिव्हन यांनीच ते रचले: सुरकुतलेल्या कातडीसारखे मऊ रबरी आवरण, त्यावर उमटलेला विकृत मानवी चेहरा, आत त्यांची रेखाटने आणि तबकडी. अशा प्रकारचे रबर हवेने आणि उष्णतेने हळूहळू कडक होते, भेगाळते, कधी चिकट होते. वीसहून अधिक वर्षांनंतर त्यांतल्या कित्येक प्रतींच्या चेहऱ्याला ओठांच्या कडेने आणि पापण्यांजवळ खरोखरच्या चिरा पडल्या आहेत. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांनी ती सावलीत, कोरड्या जागी आणि वर कसलाही भार न ठेवता जपावी.